रोज एक तास, कोरी फाइल : वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न सरावाबद्दलचे आहेत: रोज किती करायचं, काय करायचं, अडलं की काय करायचं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चार महिने रोज दोन तास एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे व्हिडिओ बघते आहे. बघताना सगळं कळतं. पण नवी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही. माझं नेमकं काय चुकतंय?
– बी.कॉम. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, इचलकरंजी

तुमचं बघून झालंय, लिहायचं राहिलंय. व्हिडिओत शिकवणाऱ्याने पुढची ओळ आधीच ठरवलेली असते. ती समोर आली की तुम्ही तिला ओळखता आणि आपल्याला येतंय असं वाटतं. कोऱ्या फाइलीत मात्र ती ओळ तुम्हाला आठवावी लागते, आणि आठवण्याचा सराव तुम्ही अजून एक दिवसही केलेला नाही. दुसऱ्याच्या हातातलं लाटणं बघून आपली पोळी गोल होत नाही. पीठ स्वतः मळावं लागतं, पहिल्या दहा पोळ्या वेड्यावाकड्या व्हाव्या लागतात.

उद्यापासून दोन तासांऐवजी एकच तास द्या, पण तो असा. पहिली दहा मिनिटं कालचा कोड न बघता कोऱ्या फाइलीत पुन्हा लिहायचा. जिथे आठवणार नाही तिथे ‘इथे अडले’ अशी कॉमेंट टाकून पुढे जायचं. दहा मिनिटं संपल्यावरच कालची फाइल उघडून ताडून बघायचं आणि अडलेल्या दोन-तीन ओळीच वहीत उतरवायच्या. पुढची चाळीस मिनिटं हातातल्या एकाच प्रकल्पात एक लहान भर घालायची. शेवटच्या दहा मिनिटांत चालतं आहे तेवढं सेव्ह करायचं आणि फाइलीच्या माथ्यावर उद्याचं पहिलं काम एका वाक्यात लिहून ठेवायचं: ‘उद्या: महिन्याची बेरीज दाखवणे.’ हे वाक्य चुकवू नका. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडल्यावर ‘आज काय करू’ या विचारात जी वीस मिनिटं जातात, ती या एका ओळीने वाचतात. व्हिडिओ रविवारी बघा, तेही ज्या गोष्टीशी आठवडाभर झटापट झाली तिच्यावरचेच.

आता प्रकल्प. आम्ही सुचवतो दुधाचा हिशोब. घरोघरी कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात जी नोंद होते, तीच पानावर आणायची. विषय ओळखीचा असल्यामुळे ‘हे बरोबर चाललंय का’ हे तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही. महिन्याचं बिल हाताने काढून पडताळता येतं.

पहिल्या दिवशी फक्त एचटीएमएल: एक मथळा, तारखेचा चौकोन, लिटरचा चौकोन, ‘नोंदवा’ हे बटण आणि तीन रकान्यांचा रिकामा तक्ता. रंगरंगोटी नाही. दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर कन्सोलमध्ये (ब्राउझरमधली, कोडचे संदेश आणि चुका दाखवणारी खिडकी) ‘दाबलं’ एवढंच उमटवा. तिसऱ्या दिवशी तक्त्यात ओळ वाढवा.

तिसऱ्या दिवशीच पहिला अडथळा येईल. ओळ क्षणभर दिसेल आणि गायब होईल. कारण, फॉर्मच्या आत ठेवलेलं बटण काही सांगितलं नाही तर ‘सबमिट’ प्रकारचं असतं. ते दाबलं की फॉर्म पाठवला जातो आणि पान नव्याने लोड होतं. बटणाचा टाइप ‘बटन’ करा, किंवा फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर ‘प्रिव्हेंट डीफॉल्ट’ वापरा. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण मग एंटर दाबूनही नोंद होते.

चौथ्या दिवशी बेरीज. सोमवारी दीड लिटर, मंगळवारी दोन, आणि पानावर साडेतीनऐवजी ‘०१.५२’ असं काहीतरी येईल. चौकोनातून वाचलेली किंमत जावास्क्रिप्टला नेहमी मजकूर म्हणून मिळते, आणि अधिकच्या चिन्हाची एक बाजू मजकूर असली की बेरीज न होता चिकटवणं होतं. शून्याला १.५ चिकटलं, त्याला २ चिकटलं. वाचल्या वाचल्या ‘नंबर’ने आकड्यात बदलून घ्या. आणि मराठी कीबोर्ड असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: साध्या मजकुराच्या चौकोनात देवनागरी अंक टाकले, तर ‘नंबर’ ते ओळखत नाही. उत्तर ‘नॅन’ येतं, म्हणजे ‘आकडा नाही’. आधी ० ते ९ हे देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलणारं चार ओळींचं फंक्शन लिहा. एका दिवसाचा उत्तम सराव होतो.

पैशांचा हिशोब पूर्णांकांत ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ यांचं उत्तर नेमकं ०.३ येत नाही, पार शेपटाला एक ४ चिकटलेला असतो. संगणक हे आकडे दोनाच्या पायावर साठवतो आणि ०.१ त्या पद्धतीत पूर्ण बसत नाही. म्हणून लिटरऐवजी मिलिलिटर आणि रुपयांऐवजी पैसे साठवा: १५०० मिलि गुणिले लिटरला ६२०० पैसे, भागिले १०००, म्हणजे ९३०० पैसे. रुपये फक्त दाखवताना करा.

तारखेची चूक सगळ्यात फसवी असते. दूध पहाटे पाचला येतं. त्याच वेळी तुम्ही नोंद केली आणि आजची तारीख ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ने काढली, तर कालची तारीख पडते! ते फंक्शन तारीख यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे देतं आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे पहाटेचे पाच म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. सकाळी दहाला तपासणाऱ्याला ही चूक दिसतच नाही, ती फक्त मध्यरात्र ते साडेपाच या वेळात उगवते. वर्ष, महिना आणि दिवस स्थानिक वेळेप्रमाणे वेगवेगळे काढून जोडा. महिना काढताना ‘गेट मंथ’ जानेवारीला ० देतं हे विसरलात, तर मार्चचं बिल काढायला ३ लिहाल आणि हातात एप्रिलचं पडेल. न्यू जर्सीतून लिहिणाऱ्या वाचकांना हाच घोटाळा उलट्या दिशेने भेटतो: नुसती वर्ष-महिना-दिवस अशी लिहिलेली तारीख जावास्क्रिप्ट यूटीसी मध्यरात्र समजतं, आणि अमेरिकेत ती आदल्या दिवसाची संध्याकाळ असते.

सातव्या-आठव्या दिवशी पान रिफ्रेश केल्यावर सगळ्या नोंदी गेल्याचं लक्षात येईल. त्यासाठी ‘लोकल स्टोरेज’, म्हणजे ब्राउझरची स्वतःची साठवण. तिथे फक्त मजकूर राहतो, म्हणून नोंदींची यादी तशीच ठेवलीत तर परत काढताना ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ असे शब्द हाती येतील आणि खऱ्या नोंदी गेलेल्या असतील. ठेवताना ‘जेसन स्ट्रिंगिफाय’ने यादीचा मजकूर करा, काढताना ‘जेसन पार्स’ने मजकुराची पुन्हा यादी. पहिल्यांदा उघडताना तिथे काहीच नसतं, तेव्हा रिकामी यादी घ्यायची सोयही करा.

पंधरा दिवसांत हे पान उभं राहील, आणि त्यातली एकही अडचण व्हिडिओत भेटली नसती. सीएसएस त्यानंतर करा.

प्रश्न : शंभर दिवसांचं कोडिंग चॅलेंज घेतलं होतं. तेविसाव्या दिवशी गावी जावं लागलं आणि चार दिवस खंड पडला. पुन्हा एकपासून सुरू करू का? शिवाय मी रोज काम करूनही गिटहबवर काही दिवसांचे चौकोन हिरवे झालेले नाहीत.
– खासगी कंपनीत नोकरी करणारा वाचक, सोलापूर

एकपासून करू नका. तेविसाव्या दिवसापर्यंत जे हाताला आलं, ते चार दिवसांत पुसलं जात नाही. हे चॅलेंज अलेक्झांडर कॅलवे यांनी २०१६ मध्ये सुरू केलं आणि त्याचा मूळ नियम रोज किमान एक तास कोड लिहिण्याचा आहे. तो नियम सवय लागावी म्हणून आहे. खंड पडल्यावर शिक्षा म्हणून मागे जायला लावलं की पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. तुम्ही अठ्ठाविसाव्या दिवशी चोविसावा लिहा आणि पुढे चला.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी दोन मापं ठेवावीत. चांगल्या दिवसाचा एक तास आणि अडचणीच्या दिवसाची पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत नवीन काही घ्यायचं नाही. जुनं एक फंक्शन कोऱ्या फाइलीत आठवून लिहायचं, बस. एसटीत बसून फोनवरही ते होतं, कागदावरही होतं. रविवारी सहा तास बसून आठवडा भरून काढायचा बेत मात्र टाळा. तिसऱ्या तासानंतर चुका वाढतात, आणि पुढच्या रविवारपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

चौकोनांबद्दल: गिटहब ही कोड ठेवायची साइट ज्या दिवशी काम झालं त्या दिवसाचा चौकोन हिरवा करते. कमिट (बदलांची एक नोंद) मोजलं जायला त्यातला ई-मेल तुमच्या गिटहब खात्याशी जोडलेला असावा लागतो. ऑफिसच्या किंवा नव्या लॅपटॉपवर गिटमध्ये दुसरा ई-मेल भरलेला राहिला, की कमिट दिसतात पण तुमच्या नावावर चढत नाहीत. मुख्य शाखेऐवजी वेगळ्या शाखेवर केलेलं काम ती शाखा मुख्य शाखेत विलीन होईपर्यंत मोजलं जात नाही, आणि दुसऱ्याच्या रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या) फोर्कमध्ये, म्हणजे आपण घेतलेल्या प्रतीत, केलेलंही नाही. ई-मेल आधी तपासा.

पण चौकोन हिरवा करण्यासाठी रीडमीमध्ये एक पूर्णविराम टाकून कमिट करू नका. कमिटचा संदेश असा लिहा की तीन महिन्यांनी वाचून कळेल: ‘पहाटेच्या नोंदीची तारीख चुकत होती, दुरुस्त केली.’ मुलाखत घेणारा उघडून बघतोच, तेव्हा असे वीस संदेश शंभर हिरव्या चौकोनांपेक्षा जास्त बोलतात.

प्रश्न : माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, तो सारखा अडकतो. त्यावर शिकता येईल का? भावाकडे तर फक्त फोन आहे.
– वाचक, नांदेड जिल्हा

येईल. एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट यांना एक टेक्स्ट एडिटर आणि एक ब्राउझर पुरतो. अडकण्याचं कारण बहुधा क्रोमचे पंधरा टॅब आणि व्हीएस कोड या एडिटरमध्ये भरलेली एक्स्टेन्शन्स (जोड-सोयी) असतात. लाइव्ह सर्व्हर सोडून बाकीची बंद करा, ब्राउझरचे दोनच टॅब ठेवा: एक तुमचं पान, एक एमडीएन (वेब तंत्रांची संदर्भ-साइट). तरीही जड वाटलं तर नोटपॅड प्लस प्लसवर काम करा. वीज किंवा नेट जातं तिथे डेव्हडॉक्स हे संदर्भ-साधन उपयोगी पडतं, त्याचे दस्तऐवज एकदा उतरवून ठेवले की नेटशिवाय उघडतात.

अँड्रॉइडवर ‘एकोड’ नावाचा एडिटर आहे, त्यात लिहिलेलं पान तिथल्या तिथे बघता येतं. फोनच्या कीबोर्डवर महिरपी कंस शोधण्यातच जीव जातो, म्हणून ओटीजी केबल लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. फोनवर शिकणाऱ्या भावाचा एक फायदाही आहे: त्याचं पान पहिल्या दिवसापासून लहान पडद्यावर तपासलं जातं. एवढंच, की फोनवर ब्राउझरची डेव्हलपर साधनं नीट मिळत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी तुमचा लॅपटॉप त्याला द्या.

प्रश्न : गावातल्या वाचनालयासाठी मराठी वेबसाइट करते आहे. काही पानांवर अक्षरांऐवजी भलतंच काही दिसतं, मथळ्यातली शिरोरेषा तुटते, आणि शब्दातली अक्षरं मोजणारं फंक्शन चुकीचा आकडा देतं. इंग्रजी मजकुरावर हाच कोड चालतो.
– वाचक, म्हापसा, गोवा

तुमचा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक धडे इंग्रजी मजकूर धरून लिहिलेले असतात आणि मराठी पान करणाऱ्याला या गोष्टी कुणी सांगत नाही.

भलत्या अक्षरांची कारणं दोन. माथ्यावर उच्चारखुणा असलेली लॅटिन अक्षरं रांगेने दिसत असतील, तर ब्राउझरला पानाचं एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या संकेतांत साठवली आहेत ते) कळलेलं नाही. ‘हेड’मध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८ लिहा, आणि अगदी वर लिहा. नियमाप्रमाणे ही घोषणा फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावी लागते. फाइलही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह झाली आहे ना, ते व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत बघा. दुसरं कारण वाचनालयाच्या बाबतीत जास्त शक्य आहे: जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. आत साधी लॅटिन चिन्हं असतात आणि त्यांना मराठी रूप फक्त तो फाँट देतो. वेबवर चिकटवल्यावर फाँट गळून पडतो आणि खरी चिन्हं उघडी पडतात. तिथे कॅरसेट कितीही बदला, काही होणार नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास बिघडतात.

शिरोरेषा तुटते ती सीएसएसमधल्या ‘लेटर स्पेसिंग’मुळे. इंग्रजी मथळे मोकळे दिसावेत म्हणून तयार टेम्प्लेटमध्ये ते दिलेलं असतं. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून सरकली की वरची रेघ मध्येच तुटते. मराठी मजकुरासाठी ते शून्य ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो. ‘लाइन हाइट’ १.६ पासून सुरू करा. मथळ्याला १.१ दिलेलं असेल तर ‘र्की’सारख्या अक्षराचा माथा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फाँट घ्या आणि त्याचं ठळक वजनही मागवा, नाहीतर ब्राउझर साध्या अक्षरालाच जाड करतो आणि गाठी भरून जातात. ‘एचटीएमएल’ टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, तिथे या घोषणेशिवाय ते उमटत नाहीत.

आता मोजणीकडे या. कन्सोल उघडा आणि ‘नमस्ते’ या शब्दाची ‘लेंग्थ’ विचारा. उत्तर ६ येईल. डोळ्यांना न, म, स्ते अशी तीनच अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्ट न, म, स, हलन्त, त आणि मात्रा असे सहा तुकडे मोजतं, कारण युनिकोडमध्ये मात्रा आणि हलन्त स्वतंत्र साठवलेले असतात. याच कारणाने सरावात सगळ्यांना दिला जाणारा ‘शब्द उलटा करा’ हा प्रश्न मराठीत फसतो. ‘मराठी’ तुकडे करून उलटा केलात तर सगळ्यात आधी दीर्घ वेलांटी येते. तिला बसायला व्यंजन नसतं, म्हणून ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते. आणि ठ ला मग काना लागतो: ‘ठारम’. उपाय म्हणजे ‘इंटल सेगमेंटर’. ‘मराठी’चे ते म, रा, ठी असे भाग पाडतं. जोडाक्षरांच्या बाबतीत जुने आणि नवे ब्राउझर वेगळे वागतात, तेव्हा ‘स्ते’ तुमच्याकडे एक धरला जातो की दोन, हे स्वतः चालवून बघा.

पुस्तकांची यादी अकारविल्हे लावताना साधं ‘सॉर्ट’ वापरू नका. ते युनिकोडमधल्या क्रमांकाने लावतं, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. ‘लोकेल कंपेअर’ला भाषा ‘एमआर’ देऊन लावा. किमती दाखवताना ‘एमआर-आयएन’ दिलं की देवनागरी अंक आणि लाखाचे स्वल्पविराम आपसूक येतात: १,००,०००. स्वल्पविराम आपले हवेत पण अंक इंग्रजी, तर ‘ईएन-आयएन’.

प्रश्न : बटणाला क्लिक लावला, पण कन्सोलमध्ये लाल एरर येते: ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’. स्पेलिंग दहा वेळा तपासलं.
– डिप्लोमाचा विद्यार्थी, जळगाव

स्क्रिप्ट टॅग बहुधा ‘हेड’मध्ये आहे. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. स्क्रिप्ट चालते तेव्हा बटण अजून तयारच झालेलं नसतं, म्हणून शोध रिकामा परततो आणि त्या रिकाम्याला तुम्ही क्लिक लावायला जाता. स्क्रिप्ट टॅगला ‘डीफर’ लावा, म्हणजे पान पूर्ण वाचून झाल्यावरच ती चालेल. तरीही तीच एरर आली, तर ‘क्वेरी सिलेक्टर’मध्ये आयडीच्या आधीचं हॅशचिन्ह लिहायचं राहून गेलं आहे का बघा. लाल अक्षरांच्या उजव्या टोकाला फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. त्यावर क्लिक करायची सवय आजपासून लावा, निम्म्या चुका तिथेच सापडतात.

प्रश्न : लॅपटॉपवर पान छान दिसतं. फोनवर तेच पान इवलंसं दिसतं, आणि गिटहब पेजेसवर टाकल्यावर फोटोही गेले.
– वाचक, कराड

पान इवलंसं दिसतं कारण व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिला आहे. तो नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरतो आणि आक्रसून दाखवतो. टॅग टाकल्यावर आडवं सरकायला लागलं, तर कुठल्यातरी डब्याला पक्की रुंदी दिलेली असेल. रुंदी ३००, दोन्हीकडे २० चं पॅडिंग आणि १ ची कड, म्हणजे डबा प्रत्यक्षात ३४२ पिक्सेल जागा खातो. ‘बॉक्स सायझिंग’ला ‘बॉर्डर बॉक्स’ करा आणि रुंदीऐवजी कमाल रुंदी द्या.

फोटोंचं कारण दोनांपैकी एक. विंडोजला लहान-मोठ्या लिपीतलं नाव सारखंच वाटतं, गिटहबच्या सर्व्हरला नाही. फाइलीचं एक्स्टेन्शन मोठ्या लिपीत आणि कोडमध्ये लहान लिपीत असेल, तर तुमच्या लॅपटॉपवर फोटो दिसेल, तिथे ४०४ (‘फाइल सापडली नाही’) येईल. सगळी नावं लहान लिपीत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा. दुसरं, पत्ता तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर ब्राउझर डोमेनच्या मुळाशी जाऊन शोधतो. तुमचा प्रकल्प मात्र रिपॉझिटरीच्या नावाच्या पोटात असतो. सुरुवातीची रेघ काढा.

प्रश्न : आता एआय हवा तो कोड लिहून देतं. मग रोज हाताने लिहायचा सराव कशाला करायचा?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

एआयकडे पहाटे पाचची तारीख चुकवणारा कोड मागितलेला नसतो, तरी तो येऊ शकतो. तो दिसायला नीटनेटका असतो, सकाळी दहाला चालतोही. चूक ओळखायला तुम्हाला यूटीसी माहीत हवं. दिलेला कोड वाचून ‘हे इथे फसेल’ म्हणता येणं, याचेच पैसे आहेत, आणि ती नजर हाताने चुका केल्याशिवाय येत नाही.

म्हणून शिकण्याच्या काळात काही बंधनं घालून घ्या. अडल्यावर पहिली वीस मिनिटं स्वतः झगडा: एरर वाचा, कन्सोलमध्ये किमती उमटवून बघा, एमडीएन उघडा. मग एआयला कोड मागू नका, कारण विचारा: ‘माझ्या बेरजेत आकडे चिकटतात, का? कोड देऊ नकोस, मी कुठे बघू ते सांग.’ तरीही कोड घ्यावाच लागला, तर तो कॉपी-पेस्ट न करता वाचा, खिडकी बंद करा आणि स्वतः लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच कामात एक बदल करून पाहा: दुधाबरोबर दही, किंवा महिन्याच्या मध्येच बदललेला भाव. बदल स्वतः करता आला तर तो कोड तुमचा झाला. नाही आला, तर त्या ओळी पुन्हा वहीत घ्या. एडिटरमधलं आपोआप ओळ पुरी करणारं एआय मात्र पहिले तीन महिने पूर्ण बंद ठेवा. ते तुम्हाला आठवायची संधीच देत नाही.

प्रश्न : दोन महिने जावास्क्रिप्ट झालं. रिॲक्ट कधी घ्यावं?
– वाचक, लातूर

रिॲक्ट ही जावास्क्रिप्टवर उभी असलेली, पडदे बांधायची लायब्ररी आहे. ती घ्यायला महिने मोजू नका, या चार गोष्टी कोऱ्या फाइलीत करून पाहा. नोंदींच्या यादीतून ‘फिल्टर’ने फक्त मार्चच्या काढणे आणि ‘मॅप’ने त्यांच्या ओळी बनवणे. मूळ यादीला हात न लावता एक नोंद बदललेली नवी यादी तयार करणे. कोड दोन फाइलींत विभागून ‘इम्पोर्ट’ने जोडणे. आणि ‘फेच’ने माहिती आणून, ती आली नाही तर वाचणाऱ्याला तसं सांगणे. शेवटच्यात एक खाच आहे: सर्व्हरने ४०४ दिलं तरी ‘फेच’ त्याला अपयश मानत नाही, उत्तरातलं ‘ओके’ तुम्हालाच तपासावं लागतं.

चारही न बघता जमले तर आजच घ्या. त्यातली दुसरी, नव्या यादीची गोष्ट अडत असेल तर थांबा, कारण रिॲक्टमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो: जुन्याच यादीत नोंद ढकलली की रिॲक्टला बदल कळत नाही आणि पडदा तसाच राहतो. जुन्या धड्यांत ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ने सुरुवात केलेली दिसेल. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त केलं गेलं आहे, त्याऐवजी ‘व्हीट’ वापरा. पहिला प्रकल्प नवा शोधू नका, दुधाचा हिशोबच रिॲक्टमध्ये पुन्हा लिहा. ‘नोड मॉड्यूल्स’ हा उतरवलेल्या लायब्ररींचा फोल्डर गिटमध्ये टाकला जाणार नाही, एवढं पहिल्या कमिटच्या आधी ‘गिटइग्नोर’ फाइल उघडून बघा.